फळांची आइसकांडी

फळांची आइसकांडी हा फळांचा गर किंवा रस साच्यात काडीसह गोठवून तयार केला जाणारा उन्हाळी खाद्यपदार्थ आहे. हा पदार्थ घरगुती स्वरूपात दूध, कृत्रिम रंग व सुगंधी द्रव्ये यांशिवाय करता येतो. विदर्भात एप्रिल व मे महिन्यांत तापमान अनेकदा ४२ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. त्यामुळे वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावांतही या काळात गार पदार्थांना मोठी मागणी असते. घरी केलेली आइसकांडी आरोग्यास हितकर ठरेल की अपायकारक, हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: तीत वापरलेल्या पाण्याची शुद्धता आणि साखरेचे प्रमाण. फळाची निवड त्यानंतर येते.

नावे व प्रकार

मराठीत या पदार्थाला आइसकांडी, बर्फाची कांडी, आइस्क्रीमची कांडी अशी नावे आहेत. फेरीवाल्यांच्या आरोळीवरून ‘गारेगार’ हे नावही रूढ झाले आहे. प्लॅस्टिकच्या लांबट पिशवीत गोठवलेल्या सरबताला अनेक ठिकाणी ‘पेप्सी’ म्हणतात. आटीव दुधापासून केलेली कुल्फी आणि किसलेल्या बर्फावर रंगीत पाक ओतून केलेला बर्फाचा गोळा हे याहून वेगळे पदार्थ होत. कुल्फीत दुधातील स्निग्धांशामुळे मऊपणा येतो. फळांच्या आइसकांडीत ते काम गरातील तंतू आणि पेक्टिन हे घटक करतात.

इतिहास

भारतात पदार्थ गार करण्याच्या रीती जुन्या आहेत. अबुल फझलने ‘आईन-ई-अकबरी’ या ग्रंथात सोरा वापरून पाणी थंड करण्याची पद्धत आणि उत्तरेकडील पर्वतांतून लाहोरला आणल्या जाणाऱ्या बर्फाची माहिती दिली आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतील व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने बोस्टनहून जहाजाने पाठवलेला नैसर्गिक बर्फ कोलकात्यात उतरला. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार मागे पडला. तेव्हापासून बर्फ हळूहळू सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

काडीला गोठवलेल्या सरबताचे श्रेय सामान्यतः कॅलिफोर्नियातील फ्रँक एपर्सन याला दिले जाते. १९०५ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, ढवळण्याच्या काडीसह सरबताचा पेला रात्री घराबाहेर राहून गेला आणि थंडीने गोठला, असे सांगितले जाते. एपर्सनला १९२४ मध्ये या पदार्थाचे एकस्व मिळाले. मेक्सिकोत फळांचे तुकडे व गर घालून केलेल्या अशाच कांड्यांना ‘पालेता’ म्हणतात. घरगुती फळांची आइसकांडी याच प्रकाराला अधिक जवळची आहे.

गोठण्याची क्रिया

शुद्ध पाणी ० अंश सेल्सियसला गोठते. त्यात साखर, मीठ किंवा आम्ल विरघळले की गोठणबिंदू खाली जातो. एक लिटर पाण्यात १८० ग्रॅम साखर विरघळवल्यास तो सुमारे १ अंशाने उतरतो. मिश्रण गोठू लागले की प्रथम पाण्याचे स्फटिक बनतात आणि उरलेल्या द्रवातील साखरेचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे तो द्रव आणखी कमी तापमानालाच गोठतो. आइसकांडी दगडासारखी कठीण न होता दाताने तुटते, ती या न गोठलेल्या गोड द्रवामुळे. साखर अजिबात नसलेल्या पातळ रसाची कांडी फार कठीण होते, तर साखर बेताबाहेर झाल्यास कांडी नीट गोठत नाही.

मिश्रण सावकाश गोठल्यास बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि कांडी खरखरीत लागते. दाट गरामुळे स्फटिकांच्या वाढीला अडथळा येतो. म्हणून गाळलेल्या रसापेक्षा गराची कांडी अधिक मऊ होते. पातळ रसात अर्धे पिकलेले केळे मिसळल्यास हाच परिणाम साधतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. यासाठी साचा काठोकाठ न भरता वर अर्धा ते एक सेंटिमीटर जागा मोकळी ठेवतात.

जिभेला थंड पदार्थाची गोडी कमी जाणवते. साच्यात ओतण्यापूर्वी चाखताना योग्य वाटणारे मिश्रण गोठल्यावर किंचित अगोड लागते. ही उणीव साखर वाढवून भरून काढण्याकडे सहज कल होतो. त्याऐवजी पूर्ण पिकलेले फळ घेणे, लिंबाचा थोडा रस आणि चिमूटभर मीठ घालणे हा चांगला उपाय आहे.

पाण्याची शुद्धता

गोठवल्याने पाणी निर्जंतुक होत नाही. थंडीमुळे काही जंतू मरतात, परंतु अनेक जंतू केवळ निष्क्रिय होतात आणि शरीरात गेल्यावर पुन्हा वाढू लागतात. प्रयोगशाळांमध्ये जिवाणू व विषाणू दीर्घकाळ टिकवण्यासाठी अतिशीत तापमानाचाच उपयोग केला जातो. २०१३ मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या डाळिंबाच्या दाण्यांतून हिपॅटायटिस ‘अ’ या काविळीची साथ पसरली आणि १६५ जणांना तिची लागण झाली. फळ उत्तम असून आणि पदार्थ सतत गोठलेला असूनही विषाणू टिकून राहिला होता.

उन्हाळ्यात विहिरी व तलावांची पातळी खालावते, नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते आणि पुष्कळ गावांना टँकरवर अवलंबून राहावे लागते. साठवलेले पाणी दूषित होण्याचा संभव याच दिवसांत वाढतो. विषमज्वर, पटकी, अतिसार तसेच हिपॅटायटिस ‘अ’ व ‘ई’ या काविळी दूषित पाण्यातून पसरतात. यांपैकी हिपॅटायटिस ‘ई’ गरोदर स्त्रियांच्या बाबतीत विशेष धोकादायक ठरू शकतो.

आइसकांडीसाठी पाणी गाळून घेऊन उकळावे, खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकूनच गार करावे. तुरटीने गढूळ पाण्यातील गाळ खाली बसतो, मात्र तेवढ्याने पाणी पिण्यास सुरक्षित होत नाही. ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर घालून निर्जंतुक केलेले पाणीही घरात उघड्या भांड्यात राहिल्यास किंवा हात बुडवून काढल्यास पुन्हा दूषित होऊ शकते. मिश्रण करणाऱ्याने हात साबणाने धुणे, मिक्सरचे भांडे, सुरी व साचे उकळत्या पाण्याने विसळणे आणि फळे कापण्यापूर्वी सालीसकट धुणे आवश्यक असते. टरबुजाची साल खाल्ली जात नसली तरी न धुतलेल्या सालीवरील माती व जंतू सुरीबरोबर गरात जातात.

बाजारातील लादीचा बर्फ आइसकांडीच्या मिश्रणात घालू नये. मासळी किंवा इतर नाशवंत माल थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असतोच असे नाही. खाण्याचा व न खाण्याचा बर्फ ओळखता यावा, यासाठी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा आदेश काढला.

हंगाम व फळांची निवड

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन, तूर व हरभरा ही मुख्य पिके असली तरी संत्र्याच्या बागाही आहेत. विदर्भात संत्र्याचे दोन बहार घेतले जातात. आंबिया बहाराची फळे साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत येतात. म्हणजे ऊन सर्वाधिक तापते त्या मे महिन्यात स्थानिक संत्री जवळजवळ संपलेली असतात. मृग बहाराच्या अखेरीस संत्र्याचा गर काढून गोठवून ठेवल्यास तो पुढे वापरता येतो.

संत्र्याच्या रसात एक अडचण आहे. बिया व फोडींवरची पांढरी त्वचा यांतील द्रव्यांपासून रसात हळूहळू लिमोनिन हा कडू पदार्थ तयार होतो. ताजा असताना गोड लागणारा रस काही तासांनी कडवट होतो तो यामुळे. म्हणून फोडी सोलून, बिया काढून गर मोकळा करावा. तो मिक्सरमधून फार वेळ फिरवू नये आणि लगेच गोठवावा.

विदर्भात कलिंगडाला टरबूज म्हणतात. टरबुजात नऊ दशांशांहून अधिक पाणी असल्याने त्याच्या कांडीत वेगळे पाणी घालावे लागत नाही. खरबुजाचा गर अधिक दाट असतो. कच्च्या कैरीचे पन्हे मार्चपासून करता येते. मे अखेरीस गावरान आंबा आणि मृगाच्या सुमारास जांभूळ येते. गावरान आंब्याचा रस पातळ व रेषाळ असला तरी त्याचा आंबटगोडपणा आइसकांडीत खुलतो. कवठ व बेल यांचा गर दाट असून तो पाण्यात कुस्करून, गाळून घ्यावा लागतो. आंबा कापण्यापूर्वी पाण्यात बुडवून ठेवल्यास देठाजवळचा चीक निघून जातो. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास भारतात बंदी आहे.

साहित्य व साधने

साच्यांसाठी स्टीलचे लहान पेले किंवा वाट्या पुरेशा होतात. प्लॅस्टिकचे साचे वापरल्यास ते खाद्यपदार्थांसाठीचे असावेत. आंबट फळांचे मिश्रण कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये, कारण आम्लामुळे धातू पदार्थात उतरतो. काडी म्हणून आइस्क्रीमच्या नव्या लाकडी काड्या किंवा स्टीलचे चमचे घेता येतात. काडी सरळ उभी राहावी म्हणून मिश्रण तास-दीड तासाने कडेला गोठू लागल्यावर ती मध्यभागी खोचतात.

कृती

पुढील प्रमाणे सुमारे ६० मिलिलिटरच्या आठ ते दहा कांड्यांसाठी आहेत.

टरबुजाची आइसकांडी: बिया काढलेला ६०० ग्रॅम गर, एका लिंबाचा रस, धुतलेली दहा-बारा पुदिन्याची पाने आणि चिमूटभर मीठ एकत्र वाटावे. फळ गोड असल्यास साखर लागत नाही. मिश्रण न गाळता साच्यात भरावे.

कैरीच्या पन्ह्याची आइसकांडी: दोन मध्यम कैऱ्या उकडून त्यांचा सुमारे २०० ग्रॅम गर काढावा. त्यात ६० ग्रॅम चिरलेला गूळ, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडी वेलची आणि उकळून गार केलेले ३५० मिलिलिटर पाणी घालावे. गूळ विरघळल्यावर मिश्रण गाळावे, म्हणजे गुळातील कचरा निघून जातो. प्रत्येक कांडीत सुमारे ६ ग्रॅम गूळ येतो.

आंब्याची आइसकांडी: ४०० ग्रॅम आमरसात १५० मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी, एक चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालावे. पिकलेल्या आंब्याला वेगळी साखर लागत नाही. रेषा नको असल्यास आमरस आधी गाळून घ्यावा.

संत्र्याची आइसकांडी: सोललेल्या, बिया काढलेल्या फोडींचा ५०० ग्रॅम गर आणि एक लहान पिकलेले केळे एकत्र करून हलकेच घुसळावे. संत्री आंबट असल्यास दोन चमचे साखर थोड्या उकळत्या पाण्यात विरघळवून, गार करून घालावी.

जांभळाची आइसकांडी: पाव किलो जांभळे धुऊन, हाताने कुस्करून बिया काढाव्यात. या गरात ३०० मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी, ३० ग्रॅम साखर व काळे मीठ घालावे. जांभळाचा तुरटपणा मिठामुळे कमी जाणवतो. याच्या कांड्या संख्येने थोड्या कमी होतात.

साचे भरल्यावर ते झाकून फ्रीझरमध्ये सहा ते आठ तास किंवा रात्रभर ठेवावेत. घरगुती फ्रीझरचे अपेक्षित तापमान उणे १८ अंश सेल्सियस असते. एकदारी फ्रीजमधील बर्फाचा कप्पा इतका थंड नसल्याने तेथे अधिक वेळ लागतो. कांडी काढताना साचा दहा-पंधरा सेकंद साध्या पाण्यात धरला की ती सुटते. बाहेर काढल्यावर मिनिटभर थांबून खावी. अतिथंड धातूचा चमचा किंवा कोरडा बर्फ ओल्या जिभेला व ओठाला चिकटू शकतो.

फ्रीझरशिवाय गोठवणे

बर्फात मीठ मिसळल्यास बर्फ वितळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. मिश्रणाचे तापमान सिद्धान्ततः उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकते. अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये एकस्व मिळवलेले हाताने फिरवण्याचे आइस्क्रीमचे यंत्र याच तत्त्वावर चालते. महाराष्ट्रातील घरांत सुट्ट्यांमध्ये भाड्याने आणला जाणारा लाकडी ‘पॉट’ हा त्याचाच प्रकार होय.

आइसकांडीसाठी बादलीत तीन भाग फोडलेला बर्फ व एक भाग जाडे मीठ थराथराने घालून त्यात घट्ट झाकलेले, उभट स्टीलचे साचे रोवतात आणि बादली गोणपाटाने गुंडाळतात. येथे बर्फ मिश्रणाबाहेर राहत असल्याने लादीचा बर्फ चालतो. मात्र वितळलेले खारे पाणी साच्यात शिरता कामा नये आणि कांडी काढण्यापूर्वी साचा बाहेरून स्वच्छ पाण्याने धुवावा.

साखर व पोषण

फळांच्या आइसकांडीतून पाणी, थोडे पोटॅशियम आणि फळानुसार ‘क’ जीवनसत्त्व मिळते. गर न शिजवल्यास ‘क’ जीवनसत्त्व अधिक प्रमाणात टिकते. म्हणून केवळ पाणी किंवा पाक उकळतात आणि फळ कच्चेच घालतात. कैरीसारखे उकडून घ्यावे लागणारे फळ याला अपवाद आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्याची आणि शक्य असल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत आणण्याची शिफारस केली आहे. मुक्त शर्करेत वरून घातलेली साखर व गूळ यांबरोबर मध आणि गाळलेल्या फळांच्या रसातील साखरही मोडते. गूळ किंवा मध वापरल्याने पदार्थ ‘बिनसाखरेचा’ होत नाही. १५ टक्के साखरेच्या सरबताच्या १०० मिलिलिटरच्या एका कांडीत सुमारे १५ ग्रॅम साखर असते. लहान मुलाने अशा दोन कांड्या खाल्ल्या तर प्रौढ माणसाची दिवसाची मर्यादाही ओलांडली जाते. साचा लहान ठेवणे आणि रस न गाळता गर वापरणे हे साखर मर्यादित ठेवण्याचे सोपे मार्ग आहेत. मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत फळातील नैसर्गिक साखरही हिशेबात धरावी लागते.

आइसकांडी सावकाश चोखली जात असल्याने साखर व आम्ल दातांच्या संपर्कात बराच वेळ राहतात. खाल्ल्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरणे उपयुक्त ठरते.

साठवण व खंडित वीजपुरवठा

गोठलेल्या कांड्या साच्यातून काढून झाकणाच्या डब्यात ठेवल्यास दोन-तीन आठवडे चांगल्या राहतात. त्यापुढे चव व पोत बिघडतो. वीजपुरवठा खंडित झाल्यास फ्रीझरचे दार उघडू नये. भरलेला फ्रीझर अर्धवट भरलेल्यापेक्षा अधिक काळ थंड राहतो. केवळ फळांच्या कांड्या थोड्या मऊ झाल्या असून त्यांत बर्फाचे स्फटिक शिल्लक असतील, तर त्या पुन्हा गोठवता येतात. पोत मात्र खरखरीत होतो. पूर्ण वितळून कोमट झालेले मिश्रण पुन्हा गोठवू नये. दूध किंवा दही घातलेल्या कांड्या वितळल्यास टाकून देणे इष्ट असते.

मर्यादा व सावधगिरी

एक वर्षाखालील बालकांना मध घातलेली आइसकांडी देत नाहीत, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. चार वर्षांखालील मुलांच्या कांडीत अख्खी द्राक्षे किंवा फळांचे कठीण तुकडे घालू नयेत. ते घशात अडकण्याची भीती असते.

आइसकांडीमुळे उन्हात बरे वाटत असले तरी ती उष्माघातावरचा उपचार नाही. घामावाटे व जुलाबांवाटे शरीरातून पाण्याबरोबर क्षारही जातात. ते भरून काढण्यासाठी जीवनरक्षक क्षारसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, ठरावीक प्रमाणात तयार केलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ यांसह पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असतात. फळांच्या कांडीत साखर याहून बरीच जास्त आणि मीठ फार कमी असते. त्यामुळे जुलाब होत असलेल्या मुलाला तिच्या जागी ही कांडी देणे योग्य नाही. द्रव घेण्यास नकार देणाऱ्या मुलांसाठी क्षारसंजीवनीचेच द्रावण कांडीच्या रूपात गोठवून देता येते.

उन्हात काम करणाऱ्या व्यक्तीला चक्कर येणे, त्वचा अतिशय तापणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारणे व वारा घालणे आणि तातडीने दवाखान्यात पोहोचवणे आवश्यक असते. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात आइसकांडी, पाणी किंवा इतर काहीही घालू नये.